कोंबड्याचा तुरा काय सांगतो?

(रेडिओवरील भाषण)



कोंबड्यांविषयी बोलायचे म्हटले की आपण अंड्यांविषयी बोलतो, खुडूक कोंबडीविषयी बोलतो, मानमोडीविषयी बोलतो. कोंबड्याविषयी कोणी बोलत नाही. तो आहे, आरवतो आहे, उकिरड्यावर ऐटीत उभा आहे, एवढे आपल्याला पुरते. आज मी आपल्याशी त्या कोंबड्याविषयीच बोलणार आहे. त्याच्या अंगात एक रस तयार होतो, तो त्याला नर बनवतो आणि तोच त्याचे अंग झिजवतोही. हे नीट समजले तर आपली उबवणीची अंडी वाया जाणार नाहीत.

सुरुवात एका घडलेल्या गोष्टीने करतो. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी एका आजींकडे चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. आजींनी खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी बसवली. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली दोन. आजींनी सगळा दोष कोंबडीला दिला. "बसतीच कुठं नीट? सारखी उठून दाणं टिपाय जाती," असे म्हणाल्या. मी विचारले, "आजी, कोंबडा कसा आहे?" तर म्हणाल्या, "कोंबडा लाखात एक हाय, साहेब. त्येच्याकडं बोट दावायचं न्हाई."

आणि दिसायला होताच तो तसा! मानेवर सोनेरी पिसे, शेपटीची काळी-हिरवी कमान, पायामागे बोटाएवढा काटा. मीही फसलो. हाती धरून न पाहताच मी सांगून बसलो की एक कोंबडा चौदा कोंबड्यांना कमी पडत असेल, बाजारातून आणखी एक आणा. आजींनी आणला. दुसऱ्या दिवशी दोघे असे झुंजले की नव्याचा एक डोळा गेला, आणि तो मग पंधरा दिवस चुलीमागे दडून राहिला. आजींचे पैसे गेले ते माझ्या सल्ल्याने. बाजारातला पक्षी थेट खुराड्यात सोडला, त्याबरोबर मानमोडी आली नाही हे त्यांचे नशीब. नवा पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा हे मी इतरांना नेहमी सांगतो. त्या दिवशी सांगायचे राहिले.

मग मी जुना कोंबडा हातात घेतला. छातीवरून बोट फिरवले तर मधले हाड कोयत्याच्या धारेसारखे लागले. दोन्ही बाजूंचे मांस बसून गेलेले. तुरा फिक्कट, एका बाजूला कललेला, वर पांढरट कोंडा धरलेला. पिसांनी सगळे झाकले होते.

आता हे असे का झाले?

बैल बडवल्यावर काय होते हे तुम्हाला सांगायला नको. वळूचा माज जातो, मान भरत नाही, तो कामाला शांत होतो. बोकडाचेही तसेच. नराच्या वृषणात एक रस तयार होतो आणि रक्तात मिसळतो. शास्त्रात अशा रसाला संप्रेरक म्हणतात, आपण हार्मोन म्हणतो. नराच्या या मुख्य हार्मोनचे नाव टेस्टोस्टेरॉन. कोंबड्यात वृषण बाहेर दिसत नाहीत. ज्यांनी घरी कोंबडा कापला आहे त्यांनी ते पाहिले असतील. पोटात, पाठीच्या कण्याला चिकटून, मूत्रपिंडाजवळ, घेवड्याच्या बीच्या घाटाची पिवळसर पांढरी अशी जोडी असते.

हा रस रक्तातून अंगभर फिरतो ही गोष्ट जगाला पहिल्यांदा कळली ती कोंबड्यावरूनच. जर्मनीतील गटिंगेन गावी बेर्टोल्ड नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी सहा तरुण कोंबडे घेतले. काहींचे वृषण काढून टाकले. त्यांचे तुरे वाढले नाहीत, ते आरवेनात, झुंजेनात. बाकीच्यांचेही वृषण मूळ जागेवरून काढले, पण एक वृषण पोटातच आतड्यांजवळ पुन्हा बसवले. तिथे त्याला मूळच्या नसा राहिल्या नव्हत्या, तरी ते कोंबडे चांगले तुरेवाले झाले, आरवू लागले, कोंबड्यांमागे धावू लागले. म्हणजे जे काही जाते ते रक्तातून जाते. हे त्यांनी १८४९ साली छापून प्रसिद्ध केले. पुढे ऐंशीएक वर्षांनी शास्त्रज्ञ हा रस शुद्ध स्वरूपात वेगळा करण्याच्या मागे लागले, तेव्हा त्यांचा काटा कोणता होता म्हणाल? खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा! अर्क टोचायचा आणि तुरा किती वाढला ते मोजायचे. अखेर १९३५ साली ॲमस्टरडॅम येथे बैलाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन हाती लागले.

तर तुरा हा असा काटा आहे. तो आपल्या दारात फुकट फिरतो आणि आपण त्याच्याकडे पाहत नाही.

टेस्टोस्टेरॉन चांगले असेल तर तुरा उभा राहतो, हाताला भरीव व ऊबदार लागतो, लालभडक दिसतो. त्याच्या आत एक चिकट, पाणी धरून ठेवणारा पदार्थ भरतो. गुडघेदुखीवर डॉक्टर सांध्यात जी महागडी इंजेक्शने देतात, त्यांतील काही औषधांचा माल कोंबड्यांच्या तुऱ्यांतूनच काढला जातो, हे ऐकून आमच्या एका बैठकीत फार हसू झाले होते. हा रस कमी पडला की तुरा थोड्याच दिवसांत उतरू लागतो, फिकटतो, सुरकुततो. म्हणून तुरा आजची गोष्ट सांगतो.

पिसांचे मात्र तसे नाही, आणि इथेच आपण फसतो. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा आटतो, पण शेपटीची कमान आणि मानेची झळाळी जशीच्या तशी राहते. पायामागचा काटाही वाढतो. कारण पक्ष्यांत पिसांचा हिशोब उलटा आहे. कोंबडीचे अंडाशय काढून टाकले तर पुढच्या पिसेगळीनंतर तिला कोंबड्यासारखी पिसे येतात. मादीचा रस नसला की भपकेबाज पिसे येतात, त्यासाठी नराचा रस लागत नाही. मोराच्या पिसाऱ्याचीही हीच गोष्ट आहे. तेव्हा बाजारात कोंबडा घेताना शेपटी पाहून पैसे मोजणे म्हणजे झूल पाहून बैल घेण्यासारखे आहे.

याच कारणाने अधूनमधून एखादी कोंबडी आरवते. कोंबडी आरवली की घरावर संकट येते असे म्हणून तिची मान मुरगळतात. एका संध्याकाळी एक गृहस्थ अशी कोंबडी काखेत घेऊन माझ्याकडे आले होते, चेहरा उतरलेला. कोंबडीला कामाचे अंडाशय एकच असते, डाव्या बाजूचे. उजव्या बाजूला नुसता अंश असतो. डाव्याला रोग झाला, गाठ झाली की कधीकधी उजवीकडचा अंश वाढतो आणि वृषणासारखे काम करू लागतो. मग तुरा मोठा होतो, पिसे बदलतात, ती आरवते. ती आजारी असते, अपशकुनी नसते. अंडी बहुधा बंद झालेली असतात, तेव्हा ठेवायची की नाही हा तुमच्या दाण्याचा हिशोब. घरातल्या माणसांचा त्याच्याशी संबंध नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा रस कोंबड्याला काय करायला लावतो पाहा. दिवस उजाडायच्या आधी आरवायला लावतो. दुसरा नर दिसला की धावून जायला लावतो. दिवसभर कोंबड्यांच्या मागेपुढे नाचायला लावतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, दाणा सापडला की तो स्वतः खात नाही. "कुक् कुक् कुक्" करून कोंबड्यांना बोलावतो, दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो आणि कोंबडीला खाऊ देतो. तुम्ही हे रोज पाहता. आपल्याला वाटते, काय मायाळू जनावर आहे! पण चौदा कोंबड्यांना बोलावून खाऊ घालणारा नर स्वतः अर्धपोटी राहतो. ऐन हंगामात त्याचे वजन उतरते, छातीचे मांस बसते. टेस्टोस्टेरॉन त्याला साठवू देत नाही, खर्च करायला लावते.

याच्या उलट, खच्ची कोंबडा शांत बसतो, खातो आणि चरबी धरतो. युरोपात असे कोंबडे मुद्दाम पोसून खातात. आपल्याकडे तसे कोणी करू नये. बरगडीतून पोट उघडावे लागते, ते घरगुती काम नव्हे.

दुसरा खर्च रोगप्रतिकाराचा. नेदरलँड्समध्ये कोंबड्यांचे दोन वंश पिढ्यानपिढ्या निवडीने तयार केलेले आहेत. एकात बाहेरचा पदार्थ टोचल्यावर प्रतिकारद्रव्ये भरपूर तयार होतात, दुसऱ्यात कमी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की भरपूर प्रतिकार असलेल्या वंशातील नरांचे तुरे लहान आणि टेस्टोस्टेरॉन कमी. कमी प्रतिकाराच्या वंशात तुरे मोठे. सगळ्याच पक्ष्यांत असे सरळ गणित दिसत नाही, शास्त्रज्ञांत त्यावर अजून वाद आहेत. पण शेतकऱ्याने एवढे धरून चालावे की जोमात असलेल्या नराला जंत, उवा, लिखा यांचा त्रास होणारच नाही असे नाही. उलट त्याच्याकडेच आधी पाहावे.

जंताचे तर थेट प्रमाण आहे. आपल्या गावठी कोंबडीचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. आपल्या राज्यात तो पूर्व विदर्भाच्या जंगलात आढळतो. सह्याद्रीत दिसतो तो राखी रानकोंबडा, तो वेगळा. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तांबड्या रानकोंबड्याच्या काही पिल्लांना आतड्यातील गोल जंताची बाधा मुद्दाम केली आणि ती वाढू दिली. १९९० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. बाधा झालेल्या नरांचे तुरे लहान आणि निस्तेज राहिले, आणि माद्यांनी बहुतेक वेळा बिनजंताचे नर पसंत केले. म्हणजे कोंबडीला जे तुरा पाहून कळते, ते आपल्याला पिसे पाहून कळत नाही!

आजींच्या कोंबड्याचे हेच झाले होते. एकटा नर, चौदा माद्या, अर्धे पोट आणि वर जंत. पशुवैद्यकीय दवाखान्यातून गोल जंतावरचे पिपराझिन आणले, डॉक्टरांनी वजन पाहून सांगितलेल्या मात्रेने पाण्यातून दिले. चपट्या जंतावर हे औषध चालत नाही, म्हणून विष्ठा तपासून घेतलेली बरी. आणि रोज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायच्या आधी अर्धा तास कोंबड्याला एकट्याला डालग्याखाली ठेवून दोन मुठी ज्वारी-बाजरी द्यायला सांगितले. सुकटाचा चुरा मिळेल तेव्हा तोही. डालग्याखाली कोणाला बोलावणार? मुकाट्याने स्वतः खातो. ज्यांना रोज डालगे झाकायचा कंटाळा आहे त्यांनी दाण्याचा डबा कोंबड्याच्या गळ्याइतका उंच टांगावा. कोंबडी बुटकी, तिची चोच पोचत नाही. मोठ्या प्रजनन फार्मवर नराला असेच वेगळे खाद्य देतात.

महिन्याभराने तुरा लाल झाला. तरी मी आजींना लगेच अंडी बसवू दिली नाहीत. नवीन सशक्त बीज तयार व्हायला वेळ लागतो. दीड महिन्याने नऊ अंडी बसवली, सातव्या रात्री आम्ही ती बॅटरीवर धरून पाहिली. फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, न फळलेले अंडे आरपार स्वच्छ दिसते. नऊपैकी सात फळलेली होती. दोन परत घरात आली. आजी म्हणाल्या, "म्हंजे माझी कोंबडी बरूबर बसत हुती." मी मान खाली घातली.

बाजारातून आणलेला एकडोळ्या कोंबडा त्यांनी आपल्या लेकीकडे पाठवला. तिथे तो एकटाच आहे. महिन्या-दीड महिन्यात त्याचा तुरा वर आला म्हणे. हरलेला नर दबून राहतो, पोटभर खात नाही, त्याचा रस आणि तुरा दोन्ही उतरतात. म्हणून आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण धरा, पण दोन ठेवायचे तर लहानपणापासून एकत्र वाढलेले ठेवा, किंवा दोन खुराडी करा.

आरवण्याबद्दल एक गंमत सांगतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही आपली म्हण. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली सिद्ध केले की दिवस-रात्र सारखाच अंधुक उजेड ठेवला तरी कोंबडा पहाटेच्या सुमारास आरवतो. त्याच्या अंगातच घड्याळ आहे. तेव्हा तांबडं तर फुटतेच, पण झाकलेलं कोंबडंही आरवायचे राहत नाही. पुढे २०१५ साली त्यांनीच दाखवले की खुराड्यातला वरचढ नर आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने मागून. तुमच्याकडे दोन-तीन नर असतील तर पहाटे अंथरुणातूनच कळेल कोण मालक आहे ते.

या रसाला चालना मिळते उजेडाने. दिवस मोठा होऊ लागला की उजेड डोळ्यांतूनच नव्हे, कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूला पोचतो आणि मेंदू वृषणांना हुकूम देतो. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकात डोळे निकामी केलेल्या बदकांवर हे पडताळले गेले. म्हणून खुराडे कोंदट, काळोखे नसावे. पण उन्हाळ्याच्या तडाख्यात उजेड असूनही नराचे बीज कमजोर होते. वैशाखात बसवलेली अंडी कमी फळतात ती यामुळेही. सावली आणि मडक्याचे गार पाणी एवढे तरी कराच.

आता इंजेक्शनविषयी. हा प्रश्न मला दर मेळाव्यात कोणीतरी बाजूला घेऊन विचारतो. "साहेब, नराचं हार्मोन टोचलं तर कोंबडा तयार होईल का?" तुरा होईल, रागही होईल. पण बाहेरून रस आला की मेंदूला वाटते, अंगात भरपूर आहे. तो वृषणांना हुकूम देणे बंद करतो. वृषण आटतात, बीज तयार होणे थांबते. दिसायला वाघ, आणि अंडी सगळी स्वच्छ! पिल्लांना दिले तर आणखी वाईट. चिमुकल्या पिल्लांना तुरा फुटतो, ती चिरक्या आवाजात आरवू लागतात, हे खरे. पण पिल्लाच्या शेपटीखाली आत एक छोटी पिशवी असते. तिथे रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात. गंबोरो रोग याच पिशवीवर हल्ला करतो. टेस्टोस्टेरॉनने ती पिशवी अकाली सुकते. मग लस टोचून काय उपयोग?

काही जण हे कोंबडबाजारासाठी विचारतात, हे मला ठाऊक आहे. प्राण्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यात माझी मदत होणार नाही.

आणि ब्रॉयलरला हार्मोन टोचून फुगवतात अशी जी हाकाटी आहे ती चुकीची आहे. सहा आठवड्यांत तो पक्षी दोन किलोचा होतो तो वंशाच्या निवडीने आणि खाद्याने. टेस्टोस्टेरॉनने कोंबडीवर्गाचे मांस वाढत नाही, हे खच्ची कोंबड्यावरून आत्ताच पाहिले.

शेवटी कोंबडा बदलणाऱ्यांसाठी. कोंबडीच्या अंगात नराचे बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहते. जुना नर काढून नवा सोडला तर पहिल्या तीन आठवड्यांतली अंडी कोणाची हे सांगता येत नाही. ती घरात खा किंवा विका, उबवायला त्यानंतरची घ्या. आणि नवा घेताना रात्री घ्या, कोंबडा शांत असतो. छातीच्या हाडावर बोट फिरवा, तुरा मुठीत धरा, डोळा पाहा, पंखाखाली व शेपटीच्या बुडाशी फुंकर मारून उवा पाहा. विकणारा म्हणेल, "शेपूट बघा की राव!" त्याला म्हणू द्या.